ट्रंकेतली कॅसेट, घडीतली पैठणी आणि पन्नास पानांची येसर आमटी

मराठवाड्यात लग्नं मुख्यतः उन्हाळ्यातली, म्हणून लग्नांचे वाढदिवसही एप्रिल-मे-जूनमध्ये दाटीनं येतात. यंदाच्या पत्रांत हॉल, केक, सजावट यांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. बहुतेकांनी विचारलंय ते घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल. त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हॉल पुढच्या वर्षीही मिळेल. बुरशी धरलेली कॅसेट आणि थकलेल्या आजीचा आवाज यांचं तसं नाही.

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला ३५ वर्षं होताहेत. १९९१ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट ट्रंकेत सापडली. शेजारच्या गावात एकाकडे जुना व्हीसीआर आहे. त्यावर लावून प्रोजेक्टरनं सगळ्या पाहुण्यांना दाखवायचा विचार आहे. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरं काहीतरी दिसतंय. चालेल ना? – एक वाचक, सेलू

नाही, दादा. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. ते पांढरं म्हणजे बुरशी असण्याचीच शक्यता जास्त. पावसाळ्यात ओल धरलेल्या फितीवर ती गुंडाळीच्या कडेनं वाढते आणि फितीचे वेढे एकमेकांना चिकटवते. अशी फीत मशीननं ओढली की फाटते. फाटली नाही तरी बुरशी मशीनच्या हेडवर बसते आणि त्यावर नंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणजे ज्यांचा व्हीसीआर, त्यांच्याही कॅसेटी जातील.

आधी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी पाहा. ती शाबूत असेल तर चिमट्यानं मोडून टाका. मग त्या कॅसेटवर चुकूनही नवं रेकॉर्डिंग होणार नाही. नंतर कॅसेट पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, टीव्हीच्या स्पीकरजवळही नको.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे चौकशी केली तर कॅसेट डिजिटल करून देणारे सापडतात. मात्र पहिला प्रश्न हा विचारा : ‘बुरशीची फीत आधी साफ करता का?’ गडबडून ‘तशीच लावून बघू’ म्हणाले तर कॅसेट घेऊन परत या. जाणकार माणूस पाठीमागचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडतो, फीत कोरडी करून साफ करतो, दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवतो आणि मगच चालवतो. हे काम लांबवू नका. फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवं मशीन बाजारात येणं बंद झालंय. जी मशीनं आहेत ती झिजत चालली आहेत.

काम देताना चार गोष्टी स्पष्ट सांगा. पूर्ण कॅसेट, काटछाट न करता, गाणी न घालता हवी. चित्र ताणून रुंद करायचं नाही. त्या काळचं चित्र ४:३ मापाचं असतं, ताणलं की नवरा-नवरी बुटके-जाडे दिसतात. फाइल ७२० बाय ५७६ मापात, सेकंदाला २५ चित्रांची हवी. आणि आधी पाच मिनिटांचा नमुना दाखवा. चांगल्या दर्जाच्या फाइलला तासाला साधारण साडेतीन जीबी जागा लागते, तीन तासांच्या कॅसेटला दहा-अकरा जीबी. इथे बरेच जण अडकतात : पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं, म्हणजे फॅट३२ नं, फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. पेनड्राइव्ह खराब नसतो, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा लागतो. प्रती तीन करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा. फक्त पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका.

प्रोजेक्टरचं म्हणाल तर भिंतभर चित्र करू नका, चेहरे पुसट होतील. चार-पाच फुटी पडदा किंवा घरातला टीव्ही पुरे. पाहुण्यांसाठी आठ-दहा मिनिटांचा तुकडा वेगळा काढा. पूर्ण कॅसेट मात्र त्याआधी एका दुपारी फक्त आई-बाबांसोबत बघा. हातात वही घ्या आणि मिनिटासह लिहून काढा : ‘१४ वं मिनिट, कंदील धरलेले ते कोण? २२ वं मिनिट, पंक्तीत वाढणारी मावशी, साडी कुणाची?’ फिल्म बनवणारे पुष्कळ मिळतात. ही नावं सांगणारे मात्र घरातलेच आणि तेवढेच.

प्रश्न : लग्नाच्या अल्बममधले फोटो पानांना चिकटून बसलेत, एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओढून काढावेत का? – एक वाचक, जिंतूर

ओढू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ओल लागली की ते फुगून मऊ होतं आणि सुकताना काचेला चिकटतं. ओढलं की चित्र काचेवर राहतं आणि हातात कोरा कागद येतो. काचेचा फोटो काचेसकट स्कॅन करून घ्या. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसली की स्कॅन चांगलं येतं.

चिकट पानं आणि वर प्लास्टिकचा कागद असे जे अल्बम असायचे, त्यातला गोंद वर्षांनुवर्षांनी पिवळा आणि कडक होतो. आधी प्रत्येक पानाचा जागेवरच फोटो काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तरी तेवढं तरी राहील. मग दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा पुढे-मागे करत न्या. फोटो वाकवायचा नाही. जिथे धागा अडेल तिथे पानाच्या मागून हेअर ड्रायरची मंद हवा अर्धा मिनिट द्या, गोंद सैल होतो. तरीही निघत नसेल तर त्या फोटोपुरतं पान कापून ठेवा. पाण्यात भिजवून काढायचा सल्ला कुणी दिला तर निगेटिव्ह हाताशी असल्याशिवाय ऐकू नका, आणि घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोला तर पाणी दाखवूच नका.

स्कॅन ६०० डीपीआयवर करा. ४ बाय ६ इंची फोटोतून मग ८ बाय १२ इंची स्वच्छ प्रत निघते. स्कॅनर नसेल तर दाराजवळच्या उजेडात, ऊन न पडेल अशा जागी फोटो सपाट ठेवून मोबाइलनं, फ्लॅश बंद करून काढा. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो.

प्रश्न : आमचं लग्न ३० एप्रिल २००६, अक्षय्य तृतीयेचं. सासूबाई तिथीनं औक्षण करतात, मुलं तारखेला केक आणतात. खरा वाढदिवस कोणता? – एक वाचक, उदगीर

दोन्ही खरे, ताई, आणि दोन्ही करा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, त्या वर्षी अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ मध्ये ती १० मेला गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा ३० एप्रिलला आली. म्हणजे २०२५ मध्ये तुमची तिथी आणि तारीख एकाच दिवशी होती! साधारण १९ वर्षांनी असं जुळतं, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

ज्यांचं लग्न ज्येष्ठातलं आहे त्यांनी २०२६ मध्ये पंचांग नीट पाहावं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तिथीनं करायचं तर त्यानंतरच्या निज ज्येष्ठात करा. पण त्या धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई घरी येतातच. तारीख त्यात पडत असेल तर धोंडे-अनारशांच्या जेवणातच वाढदिवस उरकू नका, जोडप्याला दोन पाट मांडून वेगळं ओवाळा. तेवढं वेगळेपण लक्षात राहतं.

प्रश्न : पंचविसाव्या वाढदिवसाला लग्नातली पैठणीच नेसायची आहे. घडीवर रेशीम विरल्यासारखं दिसतंय, जर काळी पडली आहे. काय करू? – एक वाचक, अंबड

एकाच घडीवर वर्षांनुवर्षं राहिलं की रेशमाचा धागा तिथेच मोडतो. हलक्या हातानं साडी पलंगावर पूर्ण पसरा आणि उजेडाकडे धरून पाहा. विरलेली जागा निऱ्यांत किंवा आत खोचायच्या भागात येत असेल तर मागून त्याच रंगाच्या पातळ रेशमी कापडाची पट्टी रफूवाल्याकडून लावून घ्या आणि खुशाल नेसा. पदरावर किंवा खांद्यावरच्या घडीत विरली असेल तर नेसू नका. पिन लावली की तिथून टर्रकन फाटेल. मग फक्त फोटोपुरती खांद्यावर घ्या, पिन न लावता.

जर काळी पडते ती चांदीवर गंधकाची पुटं चढल्यामुळे. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद आणि अत्तर हे सगळे जरीचे वैरी. लिंबू, टूथपेस्ट, चिंच यांपैकी काहीही लावू नका. चांदीवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासलं की तोच जातो. मऊ कोरड्या मलमलीनं टिपून जेवढं निघेल तेवढं निघू द्या. जास्त हवं तर पैठणीचं काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरकडेच द्या. पैठण किंवा येवल्याच्या विणकरांकडे चौकशी केली तर ते योग्य माणूस सांगतात.

नेसून झाल्यावर लगेच घडी नको. सावलीत दोन तास वाऱ्यावर टाका, घाम पूर्ण सुकू द्या. मग धुतलेल्या, नीळ-खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, ती ओल आत कोंडते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. हँगरवर टांगूही नका, पदराच्या जरीचं वजन रेशमाला झेपत नाही. दर तीन महिन्यांनी उघडून घडीची जागा बदला. नेमका दिवस आठवत नसेल तर गुढीपाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत या चार सणांना बांधून घ्या.

प्रश्न : लग्नातलं मंगळसूत्र तुटलं. सराफ म्हणतात, ‘वितळवून नवं करू’. – एक वाचक, माजलगाव

दोरा तुटला म्हणून वाट्या वितळवायची गरज नसते. पाटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडे, नेऊन फक्त गाठवून घ्या. देण्याआधी वाट्या आणि सोन्याचे मणी वेगळे वजन करून, मोजून, मोबाइलवर फोटो काढा. परत घेतानाही मोजा. पोकळ मण्यांत लाख भरलेली असू शकते, म्हणून ते मोडीत दिले तर वजनातून ती वजा होते. पॉलिश वारंवार करू नका, दर वेळी थोडं सोनं जातं. नवं काही घ्यायचंच असेल तर वेगळं घ्या, सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, पाहून. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे.

प्रश्न : माय-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. केटरर नको, घरचीच पंगत करायची आहे, ५० माणसं. त्यांच्या लग्नातली येसर आमटी व्हावी असं मायला वाटतं. प्रमाण सांगाल का? – एक वाचक, कळंब

आनंदानं! धाराशिव, बीड, लातूर भागात येसर आमटीशिवाय लग्नाची पंगत पूर्ण होत नसे. पन्नाशीच्या सोहळ्याला याहून शोभणारा पदार्थ आम्हाला सुचत नाही.

माणशी २०० मिली धरून दहा लिटर आमटी करा. लिटरला ५० ग्रॅम या हिशेबानं अर्धा किलो येसर, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ, लागेल. त्यासाठी ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी १०० ग्रॅम, धणे ७५, सुकं खोबरं ५०, लाल मिरची ४०, जिरे २० आणि लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल मिळून २५ ग्रॅम घ्या. भाजणं ही यातली खरी मेख आहे. सगळं वेगवेगळं भाजायचं. ज्वारीचा काही दाणा फुटायला लागेपर्यंत, डाळ तांबूस होईपर्यंत, मंद आचेवर. धान्य कच्चं राहिलं की आमटीला पिठाचा वास येतो आणि कितीही उकळा, तो जात नाही. जास्त भाजलं तर कडू. मिरची सगळ्यात शेवटी, चमचाभर तेलावर. पूर्ण गार झाल्यावरच दळा. गरम दळलं तर खोबऱ्याचं तेल सुटून गोळे होतात. हे काम चार-पाच दिवस आधी होतं, आणि मायला चुलीपाशी बसवून वासावर भाजणं ठरवू दिलं तर उत्तम. घरोघरच्या येसरात फरक असतो. वरचं प्रमाण आधाराला ठेवा आणि मायनं सांगितलेला फरक त्याच कागदावर लिहून घ्या.

त्या दिवशी अर्धा लिटर तेलात एक किलो कांदा, १०० ग्रॅम लसूण आणि पाव किलो खोबरं यांचं भाजून केलेलं वाटण परता, तेल सुटू द्या, हळद आणि चवीप्रमाणे तिखट घाला, मग नऊ लिटर गरम पाणी. येसर थेट उकळत्या पाण्यात टाकू नका, क्षणात गुठळ्या होतील. तो एक लिटर गार पाण्यात सरबरीत कालवून, धार धरून, ढवळत सोडा. मीठ ९० ते १०० ग्रॅम. उकळी आल्यावर मंद आचेवर २५-३० मिनिटं, तळाला उलथनं फिरवत राहा, कारण पीठ तळाशी बसून करपतं. आमटी ठेवल्यावर दाटत जाते, म्हणून दोन लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा. गार पाणी ओतलं तर चव फुटते.

सोबत भात करायचा तर चार किलो तांदूळ. ज्वारीच्या भाकरी माणशी दोन धरल्या तर साडेसात-आठ किलो पीठ लागतं. शंभर भाकरी घरच्या दोघीतिघींवर लादू नका, गावात भाकरी करून देणाऱ्या बायकांना आदल्या दिवशी सांगा. गोडाला गव्हाची लापशी : दोन किलो दलिया, दीड किलो गूळ, ४०० ग्रॅम तूप. उन्हाळा असेल तर पंगत संध्याकाळी सातनंतर धरा. पहिल्या पंक्तीला माय-बाबांना बसवा आणि पहिली आमटी त्यांच्या पानात पडू द्या.

प्रश्न : आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि लग्नात घेतलेला उखाणा रेकॉर्ड करायचा आहे. आजी लाजते, आणि आवाजही नीट येत नाही. – एक वाचक, गेवराई

आवाज नीट न येण्याचं कारण बहुधा पंखा आणि अंतर. पंखा, कूलर बंद करा, मोबाइल विमान मोडवर टाका आणि आजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. हातात धरला तर बोटांचा घासल्याचा आवाज येतो. रिकाम्या पत्र्याच्या खोलीत घुमतं. गाद्या-गोधड्यांच्या खोलीत बसा. सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा सर्वात वरचा दर्जा निवडा. आधी दहा सेकंद घेऊन ऐका.

लाजेचं म्हणाल तर ‘म्हण गं’ असं म्हणू नका. जातं असेल तर समोर मांडा, मूठभर दाणे घाला. हात फिरायला लागला की ओवी येते. कोरडं बसून पुष्कळ बायकांना ती आठवतच नाही. सोबत तिच्या वयाची जाऊ किंवा मैत्रीण बसवा. एका वेळी अर्धा तास, त्याहून जास्त नको. ओवी कुणाकडून शिकली, माहेर कोणतं, दळायला किती वाजता उठायची, हे तिला विचारून तिच्याच आवाजात घ्या. मध्येच सुधारू नका आणि आजोबांना मध्ये बोलू द्या, त्यांच्या टोमण्यांसकट.

समाजअभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९० च्या दशकात त्यांचे सहकारी माजलगावच्या भीमनगर वस्तीतही ओव्या ध्वनिमुद्रित करायला गेले होते. तुमच्या आजीची ओवी मात्र तुम्हीच घ्यायची आहे.

प्रश्न : नवरा चाकणला कंपनीत, मी लातूरला. लग्नाला चार वर्षं झाली. यांना तारीखच लक्षात राहत नाही. मोठं काही परवडत नाही. छोट्या आठवणी जपायच्या तर कशा? – एक वाचक, लातूर

ताई, तारीख विसरणं म्हणजे तुम्हाला विसरणं नव्हे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला वार आठवतो, तारीख नाही. त्यांच्या मोबाइलवर तीन गजर लावा : दहा दिवस आधी रजेसाठी, दोन दिवस आधी तिकिटासाठी आणि त्या दिवशी सकाळी. रजा मिळाली नाही तर जवळची साप्ताहिक सुट्टी आपला दिवस ठरवा आणि त्याबद्दल अजिबात खंत करू नका.

दोनशे पानी वही घ्या, शिवलेल्या बांधणीची. स्पायरलची पानं निसटतात. एकेक महिना वही एकेकाकडे. आठवड्याला तीनच ओळी लिहायच्या, आणि त्यात ‘खूप छान वाटलं’ असं नको, तर काय खाल्लं, कोण काय बोललं, किती पैसे लागले हे हवं. ‘रविवार. मुरुडच्या स्टँडवर गाडी चुकली, पाऊस. एका छत्रीत उभं राहून दहा रुपयांच्या शेंगा खाल्ल्या. हे म्हणाले, पुढची पण चुकू दे.’ दहा वर्षांनी असंच वाक्य त्या दिवसाला परत घेऊन येईल. खूप लिहायचं ठरवलं की महिन्याभरात वही बंद पडते, म्हणून तीन ओळींचा नेम मोडू नका.

बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. जेल पेनची शाई पाणी लागलं की पसरू शकते. आणि एसटीची तिकिटं, हॉटेलची बिलं नुसती वहीत चिकटवू नका. मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेनं छापलेलं असतं. ते उन्हानं, प्लास्टिकच्या पाकिटानं, गोंदानंही उडतं आणि काही वर्षांत कोरा कागद उरतो. तिकीट मिळालं त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा, झेरॉक्स वहीत लावा, मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलनं तारीख, कुठून कुठे आणि सोबत कोण होतं ते लिहा.